नासपतीवरचा खटला: पॅरिस, 14 नोव्हेंबर 1831

पॅरिसच्या फौजदारी कोर्टात 14 नोव्हेंबर 1831 ला एक केस चालली, राजाचा अपमान केल्याची, आणि पुरावा होता एक छापील चित्र. आरोपी शार्ल फिलिपाँ, ल्योंचा, वॉलपेपरच्या धंद्यातल्या घरातला, आणि आता पॅरिसमध्ये 'ला कारिकातूर' नावाचं चित्रांचं साप्ताहिक चालवणारा. चित्रात राजाचं नाव कुठेच नव्हतं, मुकुट नव्हता, राजचिन्ह नव्हतं, फक्त एक माणूस होता जो राजासारखा दिसत होता. फिलिपाँने बचावात भाषण केलंच पण त्याबरोबर चार डोक्यांचं एक स्केचही केलं, पहिलं डोकं राजाचं आणि चौथं चक्क नासपतीचं, म्हणजे आपलं पेअर, देठ-पानांसकट.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी 'राजाला फळ म्हणून चिडवलं' एवढ्यावर संपवतात, आणि मला ते फार अपुरं वाटतं. कारण त्या दिवशी कोर्टात जो प्रश्न आला तो 19 व्या शतकातल्या सगळ्या छापील व्यक्तिचित्रांचा प्रश्न आहे: चेहरा कुणाच्या मालकीचा, आणि चेहरा छापला की त्यातून एक माणूस ओळखायचा की तो ज्या वर्गाचा आहे तो अख्खा वर्ग. माझं म्हणणं असं की नासपती चिकटली ती राजाच्या गालांमुळे कमी आणि राजाने स्वतःची जी ओळख बनवली होती तिच्यामुळे जास्त.

तर आधी राजा. जुलै 1830 मध्ये तीन दिवस (27, 28, 29) पॅरिसच्या रस्त्यांवर लढाई झाली, राजा दहावा शार्ल पळाला, आणि ऑर्लेआँ घराण्यातला लुई-फिलिप 9 ऑगस्टला गादीवर आला. 'फ्रान्सचा राजा' हा किताब न घेता त्याने 'फ्रेंचांचा राजा' हा घेतला. लोक त्याला नागरिक-राजा म्हणायचे, साधा कोट घालून, हातात छत्री घेऊन तो पॅरिसमध्ये पायी फिरायचा, भेटलेल्यांशी हात मिळवायचा. हे सगळं ठरवून केलेलं होतं, आधीच्या राजांचे अंगरखे आणि पिसांच्या टोप्या लोकांच्या डोक्यात गेल्या होत्या, म्हणून हा राजा दुकानदार-बँकर-वकील या मंडळींसारखा दिसायचा. आणि राज्यही त्यांचंच होतं बरं का. मत द्यायचा हक्क वर्षाला किमान 200 फ्रँक थेट कर भरणाऱ्यालाच, म्हणजे सव्वातीन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात मतदार साधारण 1 लाख 70 हजार. ज्यांनी बॅरिकेडवर गोळ्या खाल्ल्या ते कारागीर-कामगार या यादीत नव्हतेच.

नव्या सनदेच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, कलम 7 मध्ये लिहिलं होतं की फ्रेंच माणसाला आपली मतं छापायचा हक्क आहे आणि सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणता येणार नाही. 'कधीही' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फिलिपाँने मेव्हणा गाब्रिएल ओबेर याच्याबरोबर 1829 मध्ये चित्रांचं दुकान काढलं होतं, पासाज व्हेरो-दोदा नावाच्या काचेच्या छताच्या बाजारगल्लीत. 4 नोव्हेंबर 1830 ला 'ला कारिकातूर' सुरू झालं, आठवड्याला चार पानं मजकूर आणि सोबत दोन लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं. वर्गणी वर्षाला 52 फ्रँक, म्हणजे पॅरिसच्या कामगाराची दोन-तीन आठवड्यांची मजुरी, त्यामुळे घरी येणारा अंक मध्यमवर्गीयच घेऊ शकत होता. पण दुकानाची खिडकी फुकट होती! तिथे नवीन चित्रं लावायचे आणि येणारा-जाणारा थांबून बघायचा, ज्याला वाचता येत नाही तोही. सरकारला वर्गणीदारांपेक्षा ही खिडकी जास्त खुपत होती.

इथे लिथोग्राफीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर हे एवढ्या वेगात कसं झालं ते कळत नाही. हे तंत्र 1790 च्या दशकाच्या शेवटी सेनेफेल्डरने म्युनिकला शोधलं. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर चरबीयुक्त खडूने थेट चित्र काढायचं, मग डिंक आणि सौम्य ॲसिडचं पाणी लावायचं. दगड ओला केला की रिकामी जागा पाणी धरून ठेवते, खडूची रेघ पाणी झटकते, आणि वरून तेलकट शाईचा रोलर फिरवला की शाई फक्त रेघेला लागते. कागद ठेवून प्रेसमधून काढला की झालं. आधीच्या तांब्यावरच्या खोदकामात चित्रकार चित्र काढणार, मग दुसरा कारागीर आठवडे-महिने ते प्लेटवर कोरणार, त्यामुळे छापील व्यक्तिचित्र म्हणजे बहुतेक वेळा ज्याचं चित्र त्याच्या किंवा त्याच्या चाहत्यांच्या पैशाने, त्याच्या मर्जीने, पदकं-झालरींसकट केलेलं चित्र. दगडावर मात्र चित्रकाराच्या हाताची रेघ तशीच्या तशी छापली जाते, सोमवारी मंत्र्याने भाषण केलं तर त्याच आठवड्यात त्याचं तोंड हजार कागदांवर. ज्याचं तोंड आहे त्याला कुणी विचारत नाही. ओळख ठरवायचा हक्क चित्रातल्या माणसाकडून निसटून चित्र काढणाऱ्याकडे आणि विकणाऱ्याकडे गेला, आणि हा बदल मला तरी तंत्रज्ञानातल्या बदलापेक्षा मोठा वाटतो.

आता ज्या चित्रावरून केस झाली ते. जून 1831 च्या अखेरीला 'ला कारिकातूर'मध्ये आलं. गवंड्याच्या वेशातला एक माणूस थापी घेऊन भिंतीला गिलावा करतोय आणि त्या गिलाव्याखाली जुलै क्रांतीच्या खुणा बुजत चालल्यायत. त्याच वर्षी आधी दुसऱ्या एका चित्रात राजा साबणाचे फुगे सोडताना दाखवला होता, प्रत्येक फुगा म्हणजे जुलैमधलं एक आश्वासन, आणि ते चित्र जप्त झालं होतं. गवंड्याच्या चित्रावर सरकारी पक्षाचं म्हणणं साधं होतं: हा गवंडी राजाच आहे, दिसतोय तसा, म्हणून हा राजाच्या व्यक्तीचा अपमान.

फिलिपाँचा बचाव मला वकिली म्हणूनही फार तगडा वाटतो. तो म्हणाला की मी सत्तेचं चित्र काढलं, माणसाचं नाही. राजाला राजा म्हणून दाखवायचं तर नाव लागतं, पद लागतं, काही खूण लागते, नुसतं सारखं दिसणं हा गुन्हा धरला तर तुम्ही थांबणार कुठे? आणि ते 'कुठे' दाखवायला ती चार डोकी. त्या कागदाचा लिथोग्राफ दहा दिवसांनी, 24 नोव्हेंबरला, अंकासोबत आला, आणि 17 जानेवारी 1834 ला फिलिपाँच्याच 'ल शारिव्हारी' या दैनिकात पुन्हा आला, त्यावेळी लाकडी ठशातून. लाकडी ठसा छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, बरोबरीने एकाच पानात छापता येतो, म्हणून तिथे प्रत्येक डोक्याखाली त्याची ओळ आहे.

तो कागद सावकाश बघा, घाई करू नका. पहिल्या डोक्यात राजा नीट ओळखू येतो, कपाळावर उंच उठलेला केसांचा झुबका, दोन्ही गालांवर दाट कल्ले, खाली भरलेली हनुवटी, उंच कॉलर. खाली प्रश्न आहे: हे स्केच लुई-फिलिपसारखं दिसतं, मग याला शिक्षा करणार? (पुढे 1848 मध्ये गादी गेली तेव्हा हाच राजा कल्ले काढून, डोळ्यांवर गॉगल चढवून, 'मिस्टर स्मिथ' या नावाने बोटीने इंग्लंडला पोचला, त्याची ओळख कुठे होती हे त्यालाही पक्कं माहीत होतं.) दुसऱ्या डोक्यात झुबका निमुळता होतो, गाल खाली ओघळतात, डोळे-नाक बारीक होतात, आणि ओळ म्हणते की मग यालाही शिक्षा करा, हे पहिल्यासारखं आहे. तिसऱ्यात बाह्यरेषा फळाची झालेली आहे पण आत अजून माणूस आहे, थोडा दुखावलेला, थोडा झोपाळू. हे तिसरं डोकं माझ्या मते सगळ्यात कसलेलं, कारण इथे नजर दोन्हीकडे जाते, फळ म्हणून बघायला गेलं की माणूस दिसतो आणि माणूस म्हणून बघावं तर फळ. चौथ्यात देठ, पानं, आणि चेहऱ्याची जेमतेम चाहूल. शेवटी फिलिपाँ ज्युरीला म्हणतो की सुसंगत वागायचं असेल तर या नासपतीलाही तुम्हाला सोडता येणार नाही, आणि मग एखादं फळ, एखादा पाव, योगायोगाने तसं दिसणारं कुठलंही डोकं काढणाऱ्याला तुम्ही पाच वर्षं तुरुंगात आणि पाच हजार फ्रँक दंड करू शकाल, हे कसलं छपाईचं स्वातंत्र्य!

ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. सहा महिने कैद, 2000 फ्रँक दंड. ज्युरी कोण होती हेही बघायला हवं, ज्युरर निवडले जायचे ते मुख्यतः मतदारयादीतून, म्हणजे पुन्हा तीच कर भरणारी मंडळी. त्यांच्यापुढे त्यांच्यातल्याच एकाचं चित्र होतं.

आणि इथेच मला वाटतं बचावाचा युक्तिवाद फिलिपाँच्या हेतूपेक्षा पुढे गेला. तो म्हणत होता की सारखेपणा हा पुरावा होऊ शकत नाही. पण कागद सिद्ध करत होता उलटं, की सारखेपणा इतका मजबूत आहे की चेहरा पूर्ण काढून घेतला तरी माणूस उरतो. त्या दिवसापासून राजाचं चित्र काढायला राजाची गरजच राहिली नाही, दोन फुगीर रेघा पुरे. पॅरिसच्या भिंतींवर पोरं कोळशाने आणि खडूने नासपत्या काढायला लागली, पोलिसांनी पुसायच्या आणि परत काढायच्या. पण फक्त राजा जाड आहे म्हणून असं होत नाही. खाली रुंद, वर निमुळतं, पोटात सगळं आणि डोक्यात कमी, हे चित्र त्या काळात खाऊनपिऊन सुखी झालेल्या, क्रांती झाली आता गप्प बसा म्हणणाऱ्या अख्ख्या थराचं होतं. राजाने त्यांचा कोट आणि त्यांची छत्री घेतली तेव्हा त्यांचं शरीरही त्याला चिकटलं. जुन्या पद्धतीचा राजा असता, चौदाव्या लुईसारखा विग आणि उंच टाचांमधला, तर नासपती चाललीच नसती, असं मला ठाम वाटतं.

याच्या शेजारी एक तैलचित्र ठेवून बघा म्हणजे मुद्दा अजून स्वच्छ होईल. चित्रकार अँग्रने 1832 मध्ये लुई-फ्रान्स्वा बेर्तँ याचं व्यक्तिचित्र केलं, आज ते लूव्रमध्ये आहे. बेर्तँ राजाच्या बाजूच्या मोठ्या वृत्तपत्राचा मालक, खुर्चीत पसरून बसलाय, दोन्ही पंजे मांड्यांवर रोवलेले, काळा कोट, आवळलेलं जाकीट, शरीर वर निमुळतं आणि खाली डोंगरासारखं. आकार तोच आहे! फक्त तिथे तो आकार वजन सांगतो, मी बसलोय आणि मला कुणी हलवणार नाही असं सांगतो, आणि प्रदर्शनात लोकांनी त्यात यशस्वी मध्यमवर्गाचं स्मारक बघितलं. एकच देहयष्टी, एकच दशक, एकच शहर, एका ठिकाणी प्रतिष्ठा आणि दुसऱ्या ठिकाणी सहा महिने कैद. फरक एवढाच की एक चित्र बसणाऱ्याच्या सहमतीने झालं आणि दुसरं त्याला न विचारता.

खटल्यानंतरचं वर्ष-दोन वर्षं वेगात सांगतो. 22 डिसेंबर 1831 च्या अंकात त्राव्हिएस या चित्रकाराने ओबेरच्या दुकानाबाहेरची गर्दी काढली, काचेला नाक लावून बघणारे लोक, आणि खाली वाक्य की सरकारचं डोकं भारी गमतीशीर आहे हे मान्य करायलाच हवं. वाक्यात 'राजा' कुठेच नाही, 'सरकार' आहे, म्हणजे कोर्टात हरलेला युक्तिवाद रस्त्यावर वापरात आला होता. 7 जून 1832 ला फिलिपाँने स्वतः एक चित्र छापलं, ज्या चौकात सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला तिथे चौथऱ्यावर उभारलेली भलीमोठी नासपती. सरकारने म्हटलं ही राजाच्या खुनाला चिथावणी, त्याने उत्तर दिलं की झालीच तर ही मुरंबा करायची चिथावणी होईल. 1834 मध्ये 'ल शारिव्हारी'ला आपल्याविरुद्धचा निकाल छापणं कोर्टाने भाग पाडलं तेव्हा त्यांनी खिळे असे जुळवले की निकालाचा मजकूरच पानावर नासपतीच्या आकारात उतरला. कंपोझिटरच्या हाताला त्या कामात किती वेळ लागला असेल याचा विचार करा, प्रत्येक ओळ वेगळ्या मापाची.

आणि मग व्यंगचित्रकार ऑनोरे डोमिए. मार्सेयच्या तावदानं बसवणाऱ्या, कविता करणाऱ्या बापाचा मुलगा, लहानपणी पॅरिसमध्ये बेलिफच्या (कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसात निरोप्या म्हणून राबलेला, मग पुस्तकाच्या दुकानात. 1831 मध्ये तो 23 वर्षांचा होता. डिसेंबरात त्याचं 'गार्गांत्युआ' (राबेलेच्या जुन्या कादंबरीतल्या खादाड राक्षसाचं नाव) ओबेरच्या खिडकीत लागलं: राक्षसाएवढा नासपतीडोक्या राजा खुर्चीवर बसलाय, तोंडातून जमिनीपर्यंत लांबलचक फळी, फाटक्या कपड्यांतले लोक खाली पैसे देतायत, हमाल टोपल्या भरून ते तोंडात ओततायत, आणि खुर्चीखालून पदकं, नेमणुका, सनदा बाहेर पडतायत ज्या गोळा करायला गुबगुबीत मंडळी जमलीयत. राजाच्या वार्षिक खर्चाची रक्कम संसदेत ठरत होती तेव्हाची गोष्ट, आधी 1 कोटी 80 लाख फ्रँकची मागणी होती, शेवटी 1 कोटी 20 लाखांवर मिटलं. चित्र जप्त, दगड नष्ट करायचा हुकूम, फेब्रुवारी 1832 मध्ये सहा महिने कैद आणि 500 फ्रँक दंड. डोमिएला प्रत्यक्ष उचललं ऑगस्टअखेरीला आणि तो सेंत-पेलाजीच्या तुरुंगात गेला, सुटका जानेवारी 1833 मध्ये.

याच काळात फिलिपाँने त्याच्याकडून संसदेतल्या खासदारांची छोटी मातीची डोकी करून घेतली, न भाजलेल्या मातीची, वर रंग दिलेली, वीतभर उंचीची. त्यातली 36 आज पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहेत. या डोक्यांवरून मग लिथोग्राफ झाले, सुटे सुटे, आणि जानेवारी 1834 मध्ये सगळ्यांचं एकत्र चित्र, संसदेच्या अर्धगोल बाकांवर बसलेले 35 जण, कुणी डुलकी घेतोय, कुणी नाक शिंकरतोय, पोटं एकाला एक लागून. ही खरी व्यक्तिचित्रं आहेत, त्यावेळच्या माणसाला प्रत्येक जण नावानिशी ओळखू यायचा, आणि तरीही एकत्र बघितलं की नावं विरघळतात आणि उरतो तो एकच थर. म्हणून मला वाटतं हे चित्र नासपतीच्या कागदाची पुढची पायरी आहे: तिथे एका डोक्याची चार रूपं होती, इथे 35 डोकी मिळून एक रूप.

पण त्याच वर्षी डोमिएने एक असं चित्र केलं ज्यात ओळखीचा एकही चेहरा नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यापुढेच थांबतो. एप्रिल 1834 मध्ये पॅरिसच्या कामगार वस्तीत उठाव झाला, र्यू त्रान्सनोनँवरच्या 12 नंबरच्या घरातून गोळी आली असं म्हणत सैनिक आत घुसले आणि राहणाऱ्यांना मारलं, बारा जण गेले. चित्रात खोली आहे, पलंगाला टेकून कोसळलेला माणूस रात्रीच्या सदऱ्यात, डोक्याला झोपायची टोपी, त्याच्या अंगाखाली एक लहान मूल, डावीकडे अंधारात बाईचे पाय, उजवीकडे एका म्हाताऱ्याचं डोकं, उलथलेली खुर्ची. या लोकांची चित्रं कुणी काढत नव्हतं, व्यक्तिचित्र ही त्यांच्या वाट्याची गोष्टच नव्हती. डोमिए त्यांची ओळख सांगतो ती टोपीतून, चादरीतून, झोपेतल्या कपड्यांतून: हे बॅरिकेडवरचे नाहीत, हे घरात झोपलेले शेजारी आहेत. हे चित्र फिलिपाँने दंड भरायला म्हणून काढलेल्या मासिक चित्रयोजनेतलं, 24 वं आणि शेवटचं. पोलिसांनी हाती लागतील त्या प्रती आणि दगड जप्त केला.

28 जुलै 1835 ला राजाची मिरवणूक जात असताना फिएस्की नावाच्या माणसाने पंचवीस नळ्यांच्या बंदुकीने हल्ला केला. राजा वाचला, आजूबाजूचे 18 जण मेले. सरकारने त्याचा राग छापखान्यांवर काढला. 'ला कारिकातूर' ऑगस्टअखेरीला बंद झालं आणि 9 सप्टेंबरच्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली. आणि ते 'कधीही'? त्याची वाट अशी काढली की सनद मतांना संरक्षण देते, मत म्हणजे शब्द, चित्र हे मत नसून कृती आहे, ते थेट डोळ्यांशी बोलतं. मला हा युक्तिवाद मुळात चुकीचाच वाटतो, पण त्यात भीती किती प्रामाणिक आहे बघा: लेख वाचायला अक्षरं यावी लागतात, खिडकीतली नासपती कळायला काहीच लागत नाही.

आता राजा काढायचा नाही, मंत्री काढायचा नाही. मग काढायचं कुणाला? 20 ऑगस्ट 1836 पासून 'ल शारिव्हारी'त रोबेर माकेर सुरू झाला, चित्रं डोमिएची आणि शब्द फिलिपाँचे, 1838 पर्यंत शंभर चित्रं. माकेर मुळात नाटकातला चोर, नट फ्रेदेरिक लमेत्रने लोकप्रिय केलेला. इथे तो वाकडी टोपी आणि उसनी ऐट घेऊन प्रत्येक चित्रात नवा धंदा करतो, कधी वकील, कधी डॉक्टर, कधी कंपनीचा प्रवर्तक, आणि पहिल्याच चित्रात आपल्या किडकिडीत साथीदाराला म्हणतो की चल, बँक काढू. हा कुणाचाच चेहरा नव्हता म्हणून परवानगी मिळत होती, आणि सगळ्यांचा होता म्हणून बोचत होता. म्हणजे कायद्याने व्यक्ती काढून घेतली तेव्हा चित्रकारांना वर्गाचं चित्र नव्याने शोधावं लागलं नाही, ते नासपतीत आधीच होतं, फक्त देठाचं टोक राजाकडे वळलेलं होतं ते सुटलं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत मग पॅरिसने स्वतःला नमुन्यांमध्ये बघायची सवय लावून घेतली. ओबेरच्या दुकानातून 1840 च्या सुमाराला छोटी स्वस्त सचित्र पुस्तकं निघाली, कारकून, भाडेकरू, विद्यार्थी, एकेका प्रकारच्या माणसावर एकेक. चित्रकार गाव्हार्नीने गरीब घरातून आलेल्या, धनिकांच्या पैशावर राहणाऱ्या तरुणी काढल्या, मोनिएने मोठमोठी वाक्यं फेकणारा मस्य प्र्युदोम, म्हणजे 'श्रीयुत प्र्युदोम' हे पात्र. डोमिएने 1845 पासून वकील-न्यायाधीशांची मालिका केली, आणि ज्या पोराने बेलिफच्या निरोपांवर चपला झिजवल्या त्याला कोर्टातला काळा झगा किती ठिकाणी फुगतो आणि किती ठिकाणी लोंबतो हे नेमकं माहीत होतं.

पण मला इथे डोमिएवर एक आक्षेप घ्यायचाच आहे. 1844 मध्ये त्याने लिहिणाऱ्या बायकांवर चाळीस चित्रांची मालिका केली. बाई टेबलावर लिहितेय आणि मूल मागे टबात पडलंय, नवरा पोर सांभाळतोय आणि बाई आरशात स्वतःची बुद्धिमत्ता शोधतेय, असा सूर. रेघ तीच, हातोटी तीच, आणि नजर मात्र पार खालची. नमुन्याचं चित्रण सत्तेवर रोखलं तेव्हा ते धाडस होतं, कारण समोरचा तुरुंगात टाकू शकत होता. तेच ज्यांना मत नाही, मालमत्तेवर हक्क नाही अशांवर रोखलं तेव्हा तो वाचकाला खूश करण्याचा प्रकार झाला. नासपतीचं कौतुक करताना ही चाळीस चित्रं बाजूला ठेवणं मला पटत नाही, तंत्र एकच आहे.

आपल्याकडे ही साखळी पोचली ती लंडनमार्गे. 1841 मध्ये तिथे 'पंच' निघालं आणि त्याचं उपनावच होतं 'लंडनचं शारिव्हारी', मग मुंबईत 'पारसी पंच', ठाण्यात मराठी 'हिंदू पंच'. मधल्या प्रवासात बरंच बदललं, पण पुढाऱ्याचं डोकं मोठं आणि धड लहान काढून लोकांना आधी नाक ओळखायला लावायची रीत त्याच घराण्यातली.

1831 च्या प्रश्नाचं कायद्याने काय झालं तेवढं सांगायचं राहिलं. 1848 च्या क्रांतीने सप्टेंबरचा कायदा गेला, 1852 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत चित्रांची परवानगी परत आली, आणि त्यात अजून एक अट रूढ झाली: ज्याचं व्यंगचित्र काढायचं त्याची लेखी संमती. म्हणून 1860 च्या दशकातल्या 'ला ल्यून' या साप्ताहिकात आंद्रे जिलने काढलेल्या मोठ्या डोक्यांशेजारी तुम्हाला त्या-त्या माणसाचं हस्ताक्षर छापलेलं दिसतं, मला माझं चित्र काढायला हरकत नाही, खाली सही. म्हणजे चेहरा कुणाचा याचं उत्तर सरकारने देऊन टाकलं, ज्याचा आहे त्याचा. ती सही मिळवायला संपादकांना हेलपाटे घालावे लागायचे, आणि जे नाही म्हणायचे त्यांचं चित्र यायचं नाही. ही सगळी व्यवस्था 29 जुलै 1881 च्या छपाई कायद्याने गेली. त्यानंतर फ्रान्समध्ये चित्र छापायला कुणाचीही आगाऊ परवानगी लागेनाशी झाली, चित्रातल्या माणसाचीही.